अमेरिकेत जवळ बाळगायला पिस्तूल: परवडणारं आणि भरवशाचं कसं निवडावं

माझं पहिलं पिस्तूल मी खिशाचा विचार करून घेतलं होतं, दोन्ही अर्थांनी. स्वस्त होतं आणि जीन्सच्या पुढच्या खिशात मावत होतं. .३८० बोअरचं (बोअर म्हणजे गोळीचं माप), तळहाताएवढं. पहिल्याच रविवारी पन्नास गोळ्यांचा डबा घेऊन रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी गेलो. तिसाव्या गोळीपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यातलं सालटं निघालं आणि उरलेल्या वीस गोळ्या तशाच घरी आणल्या. पुढचे आठ महिने ते पिस्तूल कुलपात पडून होतं. दुकानात उभं राहून आपण किंमत बघतो, वजन बघतो; या वस्तूने वर्षानुवर्षं सराव करायचा आहे हे मात्र लक्षात येत नाही.

इथे टेक्सासमध्ये मंडळातले ओळखीचे लोक मला अधूनमधून विचारतात, ‘कुठलं घेऊ?’ मी आधी उलटा प्रश्न विचारतो: व्हिसा कुठला आहे?

आधी स्वतःचे कागद बघा

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, व्हिजिटर असे सगळे तात्पुरते व्हिसा असणाऱ्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. राज्य कितीही मोकळंढाकळं असो, काही फरक पडत नाही. रेंजवर भाड्याचं पिस्तूल चालवणं हेसुद्धा ‘बाळगणं’च. २०१९ साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं एक प्रकरण फ्लोरिडातल्या रेंजवर गोळ्या झाडलेल्या परदेशी विद्यार्थ्याचंच होतं. ऑफिसच्या टीमबरोबर रेंजवर जाऊन फेसबुकवर फोटो टाकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. शिकारीचा परवाना असेल तर अपवाद आहे, पण ग्रीन कार्डाची फाइल चालू असताना वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर पुढे वाचा.

परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ लागतं, आणि ते आपण राहतो त्याच राज्यात घ्यावं लागतं. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, मग तिथल्या तिथे पार्श्वभूमीची तपासणी होते. फॉर्मवर गांजाबद्दलही प्रश्न असतो. आपल्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी तो गुन्हाच, आणि खोटं उत्तर देणं हा आणखी वेगळा गुन्हा. मित्राच्या पैशाने मित्रासाठी आपल्या नावावर पिस्तूल घ्यायचं नाही, मग दोस्ती कितीही जुनी असो.

जवळ बाळगण्याचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरीही मी परवाना काढला, कारण दुसऱ्या राज्यात गेल्यावर तोच कामाला येतो. इलिनॉयमध्ये १६ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलाच्या खरेदीसाठी वेगळी परवानगी काढावी लागते. २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर न्यू यॉर्क-न्यू जर्सीत परवाना मागताना ‘तुम्हाला खास गरज काय?’ हा प्रश्न उरलेला नाही, तरी मॅगझिनमध्ये (दस्त्यात बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) दहापेक्षा जास्त गोळ्या तिथे चालत नाहीत. कॅलिफोर्नियातही तीच मर्यादा आहे, शिवाय दुकानात नवं पिस्तूल विकायचं तर ते राज्याच्या यादीत असावं लागतं. म्हणजे न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या चुलतभावाने सुचवलेलं मॉडेल कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला मिळेलच असं नाही.

पैशाची वाटणी

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण उधळपट्टीला लावतो. या व्यवहारात तोच हिशेब बरोबर आहे. समजा एकूण ८०० डॉलर खर्चायचे आहेत. त्यातले ३५०-४०० पिस्तुलाला ठेवा. बाकीच्या पैशात चांगलं होल्स्टर (पिस्तूल कमरेला लावायचं म्यान) आणि ताठ पट्टा, घरातली छोटी तिजोरी, एक दिवसाचा क्लास आणि तीनशे-चारशे गोळ्या बसवायच्या. सातशेचं पिस्तूल आणि पंधरा डॉलरचं कापडी होल्स्टर घेणाऱ्यांपासून मी रेंजवर दोन हात लांब उभा राहतो.

साधारण ३०० डॉलरच्या आसपास टॉरसचं जी३सी मिळतं, ब्राझीलच्या कंपनीचं. चाप थोडा लांब ओढावा लागतो, पण पैसे वसूल. चारशेच्या पुढेमागे स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस आणि रुगरचं मॅक्स-९. पाचशेच्या आसपास सिगचं पी३६५ आणि ग्लॉकची छोटी मॉडेलं. दीडशे डॉलरला कोऱ्या पिस्तुलाची जाहिरात दिसली तर पान उलटा.

पोलीस खात्यांनी बदलून टाकलेली ग्लॉक कमी भावात मिळतात, ती माझ्या खास आवडीची. वरून घासलेली असतात, होल्स्टरमध्ये वर्षानुवर्षं आत-बाहेर झालेली, पण गोळ्या फारशा झाडलेल्या नसतात. मात्र त्यातली बरीच .४० बोअरची असतात. त्यांचा धक्का जास्त आणि गोळ्याही महाग, म्हणून ९ मिमी आहे का ते विचारून घ्या.

बोअर आणि आकार

बोअरवर लोक रात्र-रात्र वाद घालतात. नवख्या माणसाने ९ मिमी घ्यावं. सरावाची गोळी त्यातच सगळ्यात स्वस्त, आणि पिस्तुलं, मॅगझिनं, होल्स्टरं यांची निवडही त्यातच सर्वांत मोठी.

आकाराकडे मात्र सवडीने बघा. ग्लॉक १९ मध्ये पंधरा गोळ्या बसतात, रिकाम्या मॅगझिनसह वजन पाऊण किलोच्या आत. चालवायला फार सोपं, पण सडपातळ माणसाच्या टी-शर्टखाली दस्ता फुगलेला दिसतो. लपत नाही तो दस्ता. नळी पँटमध्ये जाते, तिची फारशी अडचण होत नाही. २०१८ साली आलेलं पी३६५ अर्ध्या किलोचं असून त्यात दहा गोळ्या मावतात, आणि तेव्हापासून सगळ्या कंपन्या याच मापाच्या मागे लागल्या. माझ्या मते पहिलं पिस्तूल याच मधल्या मापाचं असावं, तिन्ही बोटं दस्त्यावर बसतील असं. करंगळी हवेत राहत असेल तर ते खिशातलं पिस्तूल झालं. ते दुसरं म्हणून घ्या.

बायकांना दुकानदार हटकून पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर दाखवतात. ‘मॅडम, सोपं आहे.’ ते बिघडत कमी हे खरं, पण चाप जड असतो, आणि चारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरचा धक्का थेट मनगटात जातो. बहुतेक वेळा खरी अडचण पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढण्याची असते, आणि ती पद्धत बदलली की सुटते. पिस्तूल छातीजवळ घ्यायचं, नळी समोर सुरक्षित दिशेला, डाव्या हाताने स्लाइड घट्ट धरायची आणि उजव्या हाताने दस्ता पुढे ढकलायचा. तरीही जमत नसेल तर शील्ड ईझेड नावाचं मॉडेल याच कारणासाठी बनवलेलं आहे. माझ्या बायकोने तेच घेतलं, दुकानदाराचं आणि माझं न ऐकता.

हातात घ्या, मग चालवा

काउंटरवर पिस्तूल दिलं की आधी मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून गोळी बसायचं आतलं घर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघायचं, मग बोटाने चाचपायचं. दुकानदाराने आत्ताच बघितलेलं असलं तरीही. नंतर पकड बघा: तर्जनीच्या पहिल्या पेराची उशी चापावर सरळ येते का? मॅगझिन सोडायचं बटण पकड न सोडता अंगठ्याला सापडतं का? वेगळी सेफ्टी (गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेली कळ) असेल तर ती अंगठ्याने सहज खाली जाते का?

एवढ्यावर घेऊ नका. बऱ्याच रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. तीन-चार निवडा आणि प्रत्येकाच्या पन्नास गोळ्या झाडा. कागदावर सात यार्डांवरून ज्याच्या भोकांचा पुंजका आपसूक लहान येतो आणि पन्नासाव्या गोळीलाही हात कुरकुरत नाही, ते आपलं. यूट्यूबवरच्या माणसाचा हात वेगळा असतो.

बाजारात नुकतं आलेलं मॉडेल पहिल्या वर्षी घेऊ नये. सिगसारख्या नावाजलेल्या कंपनीलाही २०१७ साली पी३२० हे पिस्तूल खाली पडल्यावर गोळी सुटू शकते हे उघड झाल्यावर फुकट दुरुस्ती जाहीर करावी लागली.

भरवसा घरी आणल्यावर ठरतो

नवं पिस्तूल डब्यातून काढून थेट कमरेला लावायचं नाही. पुसून तेल द्या, सरावाच्या निदान दोनशे गोळ्या झाडा, मग प्रत्यक्ष बाळगणार त्या हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या पन्नास. (न्यू जर्सीत हॉलो पॉइंट बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, तिथे आधी चौकशी करा.) मॅगझिनांवर मार्करने १, २, ३ असे आकडे घाला. अडकलं की कुठल्या आकड्यावर अडकलं ते लिहून ठेवा. एकाच मॅगझिनवर अडकत असेल तर बहुधा दोष त्या मॅगझिनचा, वीस-तीस डॉलरात प्रश्न मिटतो. सगळ्यांवर अडकत असेल तर आधी आपलं मनगट ढिलं पडून अडकतंय का, हे दुसऱ्याला चालवायला देऊन बघा. त्याच्याही हातात अडकलं तर पिस्तूल कंपनीकडे परत पाठवा आणि सुधारून आल्यावर दोनशेची मोजणी पहिल्यापासून.

होल्स्टर कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं, त्याच मॉडेलसाठी बनवलेलं आणि चाप पूर्ण झाकणारं हवं. पर्समध्ये किल्ल्या-लिपस्टिकबरोबर पिस्तूल सुटं टाकू नका, चापात काय अडकेल सांगता येत नाही. रिकामं पिस्तूल कमरेला लावून आठवडाभर घरात वावरून बघा: गाडीत बसताना, बुटाची नाडी बांधताना, सोफ्यावर. टोचलं की माणूस पिस्तूल गाडीत ठेवू लागतो, आणि गाडीतून ते चोरीला जातं.

घरात तिजोरी लागतेच. पोरं तर आहेतच, शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात आई-बाबा येतात, तेही व्हिजिटर व्हिसावर. कपाट आवरताना आईच्या हाती ते लागता कामा नये.

दोन गोष्टी खास आपल्या लोकांसाठी. गणेशोत्सव आणि रविवारची मराठी शाळा बऱ्याच गावांत भाड्याने घेतलेल्या शाळेच्या इमारतीत असते. टेक्साससह बहुतेक राज्यांत तिथे पिस्तूल नेता येत नाही; पार्किंगचे नियम वेगळे, ते आपापल्या राज्यात बघून ठेवा. मी त्या दिवशी ते घरीच ठेवतो.

आणि रेंजची पिशवी ही फक्त रेंजचीच पिशवी. तीच सॅक भारतात नेली आणि कप्प्यात एक काडतूस राहून गेलं, तर मुंबईच्या विमानतळावर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. आपलं रोजचं ९ मिमी तिकडे सामान्य माणसाला वर्ज्य असलेल्या बोअरमध्ये मोडतं, त्यामुळे ‘चुकून राहिलं साहेब’ म्हणून तिथल्या तिथे सुटका होईलच असं नाही. माझी पिशवी भडक केशरी आहे, आणि ती गॅरेजच्या बाहेर फक्त रेंजसाठी निघते.