भातकापणीनंतर परसातील कोंबड्यांना मुंगूस व रानमांजरापासून कसे जपावे

कोकणात आणि घाटमाथ्यालगतच्या भातपट्ट्यात कापणी उरकली की शेते मोकळी होतात, उंदरांचा वावर खळ्याकडे व पेंढ्याच्या उडवीकडे वळतो आणि त्यांच्या मागावर मुंगूस, रानमांजर, उदमांजर हे प्राणीही घराजवळ येऊ लागतात. याच थंडीच्या दिवसांत खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या जात असल्याने परसात लहान पिल्लेही असतात. एका रात्रीत खुराडे रिकामे झाल्यावर शेतकऱ्याला येणारा राग समजण्यासारखा आहे, परंतु हा प्राणी वर्षभर आपल्या शेतातले उंदीर व घुशी खात असतो. म्हणून बंदोबस्त करायचा तो खुराड्याचा, प्राण्याचा नव्हे.

सर्वप्रथम नुकसान कोणी केले ते ओळखावे, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. संध्याकाळी खुराड्याभोवती चाळलेली माती किंवा राख पसरून ठेवावी आणि सकाळी माणसांची ये-जा सुरू होण्याआधी ठसे पाहावेत. चार बोटांचा, गोलसर आणि नखे न उमटलेला ठसा मांजरकुळातल्या प्राण्याचा असतो; चार बोटांसमोर नखांच्या खुणाही असतील तर तो कुत्र्याचा किंवा कोल्ह्याचा असतो. मुंगूस आणि उदमांजर यांच्या पंजाला पाच बोटे असतात. वेळही पाहावी. मुंगूस दिवसा हिंडतो, त्यामुळे भरदुपारी पिल्लू नाहीसे झाले किंवा फुटक्या अंड्याची कवचे जवळपास सापडली तर संशय त्याच्यावर घ्यावा, मात्र दिवसा पिल्ले उचलणाऱ्यांत घार, शिक्रा व कावळेही आहेत हे विसरू नये. उदमांजर रात्री येते. रानमांजर रात्री तसेच पहाटे व तिन्हीसांजेला फिरते आणि बहुधा आख्खी कोंबडी उचलून नेते, मागे केवळ पिसे उरतात. कवचाचा मागमूसही न राहता अंडी गेली असतील तर सापाची किंवा घोरपडीची शक्यता धरावी. पुष्कळदा खरा दोषी गावातला मोकाट कुत्राच निघतो. अंगावर जखम नसताना पक्षी मेलेला आढळला तर तो रोगाचा प्रश्न समजून पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.

खुराड्याची दुरुस्ती करताना बाजारात मिळणाऱ्या पातळ तारेच्या षटकोनी जाळीवर विसंबू नये. ती कोंबड्यांना आत ठेवते, पण दात आणि नखे असलेल्या प्राण्याला बाहेर ठेवू शकत नाही. अर्धा इंच चौकोनाची, जाड तारेची वेल्डमेश जाळी बसवावी. खर्च जास्त येत असल्यास निदान जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत आणि खिडक्यांना तरी हीच जाळी वापरावी. मुंगूस माती उकरून आत शिरतो, त्यामुळे जमीन मातीची असेल तर भिंतीलगत एक फूट खोल चर खणून जाळी पुरावी, किंवा ती बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट जमिनीवर पसरून वर चिरे व माती टाकावी. उकरणारा प्राणी भिंतीला चिकटूनच उकरायला सुरुवात करतो आणि तिथे जाळी लागली की थांबतो. जांभ्याचा चौथरा करून वर कोबा घालता आला तर हा प्रश्न कायमचा मिटतो आणि पावसाळ्यात ओलही कमी राहते. उदमांजर झाडावर व छपरावर सहज चढते. म्हणून कौले आणि भिंत यांच्यामधली फट बंद करावी आणि छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. दाराखालची फट बोटभर असली तरी तिथे फळी किंवा पत्रा ठोकावा, दाराला सुतळीऐवजी घट्ट बसणारी कडी लावावी. थंडीसाठी गोणपाट लावताना वरचा भाग मोकळा ठेवावा, नाहीतर विष्ठेचा उग्र वायू आत कोंडून पक्ष्यांना श्वासाचा त्रास होतो.

कोंबड्या अंधार पडण्यापूर्वी आत घेऊन मोजाव्यात. बाहेर झाडावर रात्र काढणाऱ्या कोंबड्या सर्वांत आधी बळी पडतात, त्यामुळे संध्याकाळी खुराड्यातच मूठभर दाणे टाकून त्यांना सवय लावावी. पिल्ले पहिले सहा ते आठ आठवडे मोकळी सोडू नयेत. दिवसा त्यांना जाळीच्या पिंजऱ्यात किंवा वर जड दगड ठेवलेल्या डालग्याखाली ठेवावे. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत आणि खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे, कारण दाण्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे बाकीचे. पेंढ्याची उडवी आणि लाकूडफाटा खुराड्यापासून दहा-पंधरा फूट दूर रचावा. मेलेला पक्षी उकिरड्यावर टाकू नये; चुना घालून खोल पुरावा.

फास, विषारी आमिष किंवा वीजप्रवाह सोडलेली तार यांचा वापर कोणत्याही परिस्थितीत करू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित प्राण्याला मारणेच नव्हे, तर पकडणे, फास लावणे आणि विष घालणे हीदेखील शिकारच ठरते. शिवाय विषाने आपला राखणीचा कुत्रा मरतो, तारेने माणूस दगावतो आणि रानडुकरासाठी लावलेल्या फासात बिबटे अडकल्याच्या घटना कोकणात घडलेल्या आहेत.

प्राणी खुराड्यात कोंडलेला आढळला तर त्याला काठीने डिवचू नये. दार उघडून सर्वांनी दूर व्हावे, वाट मिळाली की तो बहुधा स्वतः निघून जातो. तो जखमी असेल किंवा बाहेर पडत नसेल तर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस घेण्यासाठी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, जखम कितीही लहान दिसली तरी.