टोमॅटोसाठी नापीक माती कशी सुधारायची

टोमॅटोचं झाड खुरटलं, पानं पिवळी पडली की हात आधी खताच्या पिशवीकडे जातो. पण पुष्कळदा मातीत अन्नाची नाही, हवेची कमतरता असते. दाबून बसलेल्या मातीत मुळं गुदमरतात आणि दिलेलं खत उचलू शकत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी निचरा, मग कंपोस्ट, मग सामू (माती आंबट की खारी हे सांगणारा आकडा, म्हणजे pH) आणि वरखत (झाड वाढत असताना वरून द्यायचं खत) सगळ्यात शेवटी. रोपं लावायच्या ६ ते ८ आठवडे आधी कामाला लागा.

निचरा तपासायला ३० सेंमी खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या. पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, लगेच पुन्हा भरा आणि आत पट्टी उभी करा. पाणी तासाला २.५ ते ५ सेंमी उतरत असेल तर माती ठीक आहे. त्याहून हळू उतरलं तर मुळं कुजतील. तासाला १० सेंमीच्या पुढे गेलं तर माती रेताड आहे, तिच्यात ओल टिकणार नाही आणि नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर वाहून जाईल.

माती चिकण आहे की रेताड हे बरणीत कळतं. बरणी एक तृतीयांश मातीने भरा, वर पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळाला काही तास लागतात, चिकण मातीला एक दिवस किंवा जास्त; मग कोणता थर किती जाड ते बघा.

चिकण माती निघाली तर तिच्यात वाळू मिसळू नका. ही चूक फार जण करतात. थोडी वाळू मातीच्या कणांमध्ये अडकते आणि वाळल्यावर वाफा विटेसारखा घट्ट होतो. फरक पडावा इतकी वाळू घालायची तर जवळजवळ मातीएवढीच लागेल. चिकण माती मोकळी होते ती कंपोस्टने, आणि रेताड मातीत ओल धरून ठेवतं तेही कंपोस्टच. दुखणी उलटी असली तरी औषध एकच.

खणायची वेळ वाफसा, म्हणजे मातीत बेताची ओल, पाहून ठरवा. मूठभर माती दाबा आणि गोळ्याला बोटाने टोचा. गोळा फुटला तर खणा, लगद्यासारखा दबला तर थांबा. ओली चिकण माती खणली तर अशी ढेकळं होतात की ती हंगामभर फुटत नाहीत. वाफसा असताना माती खणायच्या काट्याने ३० सेंमीपर्यंत माती सैल करा, पण खालचा थर वर आणू नका.

आता वाफ्यावर कुजलेल्या कंपोस्टचा किंवा शेणखताचा ५ ते ७ सेंमी थर पसरा, म्हणजे चौरस मीटरला ५० ते ७० लिटर, आणि वरच्या २० सेंमी मातीत मिसळा. पुढच्या वर्षांत २ सेंमी पुरे; दरवर्षी जाड थर दिला तर मातीत स्फुरद (फॉस्फरस) साचत जातं. तयार खत काळपट असतं, पहिल्या पावसात येतो तसा मातीचा वास देतं आणि ढिगात हात घातला तर गरम लागत नाही. ताजं शेण मुळं जाळतं, शिवाय त्यातले जंतू फळांपर्यंत पोचू शकतात. घालायचंच असेल तर पहिल्या तोडणीच्या किमान ४ महिने आधी. कच्चा भुसा मातीत मिसळला तर तो कुजवणारे जिवाणू झाडाच्या वाट्याचं नत्र खातात. तो वर पसरायला मात्र चांगला.

खत कुठून आलं हे माहीत नसेल तर एका कुंडीत ते मातीबरोबर मिसळून घेवड्याच्या चार बिया लावा. चाऱ्यावर मारलेली काही तणनाशकं जनावराच्या पोटातून, ढिगातूनही टिकून राहतात. तीन आठवड्यांत घेवड्याची पानं पेल्यासारखी वळली तर ते खत टोमॅटोला घालू नका.

टोमॅटोला सामू ६ ते ६.८ हवा. तो याखाली असेल तर चुनखडीची भुकटी घाला, पण एका वेळी चौरस मीटरला २५० ग्रॅमहून जास्त नको. परिणाम दिसायला काही महिने लागतात. चुनखडी आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, खतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. चुनखडीयुक्त जमिनीचा सामू गंधकाने उतरवणं मात्र जवळजवळ अशक्य. तिथे बाहेरून आणलेल्या चांगल्या मातीचा आणि कंपोस्टचा २५ ते ३० सेंमी उंच गादीवाफा करणंच शहाणपणाचं.

गादीवाफा १ मीटरहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. एकदा सैल केलेली माती पायाखाली गेली की सगळी मेहनत वाया.

वरखत देताना नत्राचा हात आखडता ठेवा. जास्त नत्र मिळालं की झाड हिरवंगार, दणकट दिसतं आणि फुलं मात्र कमी येतात. पहिली फळं सुपारीएवढी झाल्यावर पालाश (पोटॅश) जास्त असलेलं खत द्या.

फळाचं बूड काळं पडून खोलगट झालं की लोक चुना शोधतात. मातीत कॅल्शियम बहुधा असतं, पण ते पाण्याबरोबरच फळात जातं. दोन दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी, असं झालं की फळाला ते मिळत नाही. चौरस मीटरला आठवड्याला साधारण २५ लिटर पाणी दोन-तीन वेळांत विभागून, खोलवर द्या. वर ५ ते ७ सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, पण खोडापासून चार बोटं लांब.

हंगाम संपल्यावर झाडं मुळासकट उपटून बघा. मुळांवर गाठी दिसल्या तर मातीत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक किडे) आहेत. ती मुळं कंपोस्टात टाकू नका. गाठी असोत वा नसोत, त्या वाफ्यात पुढची ३ वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काहीच लावू नका, कारण झाड कोमेजवून मारणारा मर रोग या सगळ्यांना लागतो.