भरतकामात फुटलेला लाल रंग असा काढला

पांढऱ्या सुती कापडावरचं भरतकाम धुतलं आणि लाल फुलांभोवती गुलाबी छटा उमटली, थेट देठाच्या साखळी टाक्यापर्यंत. कापड वाळू दिलं नाही. इस्त्री तर लांबच, उष्णतेने डाग पक्का बसतो.

फुटतो तो दोऱ्यात नीट न बसलेला जादा रंग. पाण्यात उतरलेला हा रंग परत कापडावर बसू द्यायचा नाही, एवढंच खरं काम. म्हणून मोठ्या टबात भरपूर कोमट पाणी, थोडा भांड्यांचा लिक्विड साबण, आणि कापड घडी न घालता पूर्ण बुडवलं. छोट्या पातेल्यात हे जमत नाही, रंग तिथल्या तिथेच फिरतो. पाणी गुलाबी झालं की बदलायचं. चोळायचं मात्र नाही, टाके विस्कटतात. रात्रभर भिजल्यावर पाकळ्यांच्या कडा स्वच्छ दिसू लागल्या. मागच्या बाजूला, दोऱ्याच्या शेपटाखाली थोडा रंग अडकला होता, तोही पुढच्या पाण्यात सुटला. ब्लीचच्या वाटेला गेले नाही. त्याने दोऱ्याचाच रंग उडतो.

नंतर साध्या पाण्यातून काढून, न पिळता टॉवेलमध्ये दाबलं आणि सपाट वाळवलं. उजेडात नीट निरखून घेतलं, मगच उलट्या बाजूने इस्त्री.