बाबांची येझदी १४ वर्षांनी पेटली
बाबांची येझदी मोटरसायकल १४ वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत उभी, दर दिवाळीला म्हणायचो यंदा करू आणि राहूनच जायचं. शेवटी मे महिन्यात घेतली हातात. टाकीत गंज होता म्हणून व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवलं, मग मूठभर नट टाकून खूप हलवलं, चहासारखं पाणी निघालं. कार्बोरेटरचं पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बुजलेलं, ते वायरमधल्या एका बारीक तांब्याच्या तारेने मोकळं केलं (सुई घालू नका, भोक मोठं होतं). तरी रेस आपोआप वाढायची, कारण क्रँकचे (इंजिनातल्या फिरत्या दांड्याचे) रबरी ऑइल सील कडक होऊन हवा ओढत होते, दोन्ही बदलले. स्पार्कची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.४ मिमी ठेवला. नवव्या किकला पेटली, दोन्ही सायलेन्सरचा आवाज ऐकून आई तशीच पिठाच्या हाताने बाहेर आली.