लाइनचा इम्पेडन्स मोजायचाय? झेड-झिरोकडे नीट बघा

डिस्टन्स रिलेत (फॉल्ट किती लांब आहे ते इम्पेडन्सवरून ओळखून लाइन तोडायला लावणारं उपकरण) लाइनचा इम्पेडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा एकूण विरोध, टाकायचा असतो आणि बऱ्याचदा तो कंडक्टरच्या टेबलवरून आणि टॉवरच्या ड्रॉइंगवरून काढलेला असतो. झेड-वनला (तिन्ही फेज समतोल असतानाचा इम्पेडन्स) ते चालून जातं, झेड-झिरोला (तिन्ही फेजमधून एकत्र जाऊन जमिनीतून परतणाऱ्या करंटला दिसणारा) नाही, कारण अर्थ फॉल्टचा करंट बराचसा जमिनीतून परत येतो आणि आपल्या नाशिकात जमीन कुठे एकसारखी आहे, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निघालेली लाइन निफाडच्या काळ्या मातीतून गेली तर एक उत्तर, सिन्नरच्या मुरमातून गेली तर दुसरं.

तर मोजायला आधी आउटेज (लाइन बंद), दोन्ही टोकांचं परमिट (कामाची लेखी परवानगी), समोरच्या टोकाला तिन्ही फेज शॉर्ट करून अर्थ. आपल्या बाजूचा अर्थ टेस्ट किटच्या लीड्स (वायरी) लावून होईपर्यंत काढायचा नाही, आणि काढायच्या आधी अर्थच्या वायरला क्लॅम्प मीटर लावून करंट बघायचा, शेजारचं सर्किट चालू असेल तर बंद लाइनवरही इंडक्शनने जीव जाईल इतकं व्होल्टेज येतं. ढग गडगडायला लागले तर टेस्ट बंद, वाद नको.

करंटच्या आणि व्होल्टेजच्या क्लिपा वेगवेगळ्या, व्होल्टेजची क्लिप लाइनच्या बाजूला आत, नाहीतर क्लिपेचा रेझिस्टन्स पण लाइनच्या नावावर चढतो. इंजेक्शन (किटमधून लाइनमध्ये करंट सोडणं) ५० हर्ट्झवर करू नका, शेजारच्या लाइनचा ५० हर्ट्झ त्यातच मिसळतो. थोडं खाली आणि थोडं वर अशा दोन फ्रिक्वेन्सीला मोजून मधलं ५० चं उत्तर काढायचं, चांगला किट हे स्वतःच करतो.

आर, वाय, बी या तीन फेजचे आर-वाय, वाय-बी, बी-आर असे तीन लूप, तिघांची सरासरी काढून अर्धी केली की झेड-वन. मग तिन्ही फेज एकत्र करून जमिनीशी इंजेक्शन, आलेल्या रीडिंगची तिप्पट म्हणजे झेड-झिरो. २२० केव्हीची सिंगल झेब्रावाली (फेजला एकच झेब्रा जातीचा कंडक्टर) ४० किमी लाइन धरा, झेड-वन किमीला साधारण ०.४ ओहम, म्हणजे लूप ३२ च्या आसपास दिसायला हवा. ट्रान्सपोझिशन (वाटेत फेजच्या जागांची अदलाबदल) नसेल तर तीन लूप थोडे वेगळे येणारच, पण एकाचाच रेझिस्टन्स फुगला असेल तर लाइनला दोष द्यायच्या आधी क्लिप घासून परत लावा.

डबल सर्किट (एकाच टॉवरवर दोन लाइन) असेल तर शेजारचं सर्किट चालू होतं, उघडं होतं का दोन्ही टोकांना अर्थ होतं ते रिपोर्टात लिहाच, दोन्हीकडे अर्थ असेल तर झेड-झिरो कमी येतो आणि तोच आकडा रिलेत गेला तर के फॅक्टर (अर्थ फॉल्टचं अंतर काढायला रिले वापरतो तो झेड-वन आणि झेड-झिरोवरून काढलेला आकडा) चुकतो.