प्लेटिंग शॉपमध्ये नवीन आहात? आधी टाकीपाशी उभे राहा

धातूवर मुलामा चढवणाऱ्या (प्लेटिंगच्या) कारखान्यात विषारी रसायनं कमी करण्याचं काम अंगावर आलं की नवा इंजिनिअर लगेच पर्यायी रसायनांचे कॅटलॉग उघडतो. माझं मत वेगळं आहे. पहिली मोठी घट रसायन न बदलता होते, आणि ती टाकीपाशी उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

क्रोमच्या टाकीतून जॉब (मुलामा द्यायचे भाग) टांगलेला रॅक वर येताना बघा. त्या द्रावणात लिटरमागे साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं. ऑपरेटरला आकडा गाठायचा असतो, म्हणून रॅक झटकन उचलून रिन्समध्ये, म्हणजे धुण्याच्या पाण्यात, बुडवला जातो आणि पाणी पिवळंजर्द होतं. जॉबला चिकटून असं बाहेर जाणारं द्रावण म्हणजे ड्रॅग-आउट. ते ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) गेलं की जास्त विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमचं कमी विषारी ट्रायव्हॅलंट करायला बायसल्फाइट ओता, मग अल्कली घालून गाळ बसवा, मग त्या घातक गाळाची विल्हेवाट लावा. एकाच क्रोमचे पैसे तीनदा मोजायचे! रॅक सावकाश उचलणं, टाकीवर थोडा वेळ निथळू देणं, वाटीसारखा जॉब पालथा टांगणं, यांना खर्च जवळपास शून्य. पहिल्या रिन्सचं पाणी बाष्पीभवनाची भरपाई म्हणून टाकीत परत घालता येतं. मात्र त्याबरोबर लोखंड, तांबं अशी अशुद्धीही परत येते, तेव्हा लॅबमधून तपासणी हवीच. आणि निथळण्याचा नियम सगळीकडे आंधळेपणाने लावू नका. निकेलचा थर वाळला तर त्यावर क्रोम नीट बसत नाही. हे मला पुस्तकाआधी जुन्या ऑपरेटरांनी सांगितलं.

डीग्रीझिंगची, म्हणजे जॉबवरचं तेल काढण्याची, गोष्ट आणखी बोलकी आहे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायक्लोरोएथिलीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसाला कर्करोग करणारं रसायन ठरवलं. ते सोडून काहींनी एन-प्रोपिल ब्रोमाइड धरलं, तर ते मज्जासंस्थेवर घाला घालणारं निघालं. आगीतून फुफाट्यात. क्रोमचंही तसंच. टाकीतली बरीचशी वीज हायड्रोजन तयार करण्यात जाते, बुडबुडे फुटून ॲसिडचं धुकं उठतं. ते दाबायला वापरलेलं पीएफओएस हे रसायन २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या) यादीत गेलं. म्हणून पुरवठादार ‘सेफ’ म्हणाला की मी एमएसडीएसचा (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा) तिसरा आणि आठवा विभाग काढतो: आत काय आहे आणि हवेत किती चालतं. नुसत्या ब्रँडच्या नावावर विश्वास नाही.

डीग्रीझिंगला पर्याय शोधण्याआधी विचारा, जॉबवर तेल आलं कुठून? प्रेस शॉपमध्ये जड तेलाऐवजी पाण्याने धुतलं जाणारं चाललं, तर गरम अल्कलाइन वॉशवर बरंच भागतं. जॉब स्वच्छ झाला का, हे पाण्यावरून कळतं: पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर ठीक, फाटून थेंब झाले तर तेल शिल्लक आहे. पाण्याने धुण्यात खरी डोकेदुखी वाळवण्याची. आरपार नसलेल्या भोकांत पाणी राहतं आणि दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. ब्लोअरचा खर्च आधीच धरा.

सायनाइडच्या बाथमध्ये (द्रावणात) झिंक चढवण्याबद्दल थोडक्यात: त्याऐवजी अल्कलाइन नॉन-सायनाइड आणि ॲसिड क्लोराइड बाथ रुळलेले आहेत, पण आधीची सफाई चोख लागते. सायनाइडचा बाथ दुर्लक्ष खपवून घेतो, हे दोन बाथ खपवून घेत नाहीत. आणि सायनाइड शॉपमध्ये आहे तोवर ॲसिडची गळती त्या बाजूला जाऊच शकणार नाही, अशी व्यवस्था पहिल्या आठवड्यात डोळ्यांनी बघून घ्या. दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो.

शेवटी अडतं ते ग्राहकाच्या ड्रॉइंगवर. ‘कॅडमियम’ किंवा ‘यलो पॅसिव्हेशन’ (हेक्साव्हॅलंट क्रोमचा पिवळा संरक्षक थर) अशी जुनी टीप वर्षानुवर्षं तशीच पुढे सरकत राहते. बऱ्याच जॉबना झिंक-निकेल किंवा ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन पुरतं, पण ग्राहकाची मंजुरी आणि सॉल्ट स्प्रे चाचणीचे (मिठाच्या फवाऱ्यात गंज तपासण्याचे) शेकडो तास लागतात. त्यामुळे हा विषय कोटेशन देतानाच काढा. उत्पादन सुरू झाल्यावर बदलाला कुणी सहजासहजी सही करत नाही.