जेमीटरची बिघडलेली फाइल वाचवताना आणि तिचा बॅकअप ठेवताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरून काम करणाऱ्या टेस्टरला वळवाच्या दिवसांपासून पावसाळा सरेपर्यंत विजेचा भरवसा धरता येत नाही. वेबसाइट किंवा सर्व्हर किती ताण पेलतो हे तपासणाऱ्या जेमीटर या साधनात टेस्ट प्लॅन, म्हणजे चाचणीची आखणी, सेव्ह होत असतानाच वीज गेली, तर तो ज्या जेएमएक्स फाइलमध्ये साठतो ती पुन्हा उघडेलच असे नाही.

अशा वेळी पहिले काम दुरुस्तीचे नसून नक्कल करण्याचे आहे. जेमीटर बंद करून बिघडलेली फाइल आणि जेमीटरच्या मूळ फोल्डरमधील ‘बॅकअप्स’ हे फोल्डर, दोन्ही दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावीत. प्रत्येक सेव्हच्या वेळी जेमीटर फाइलची आधीची आवृत्ती या फोल्डरमध्ये ठेवतो, परंतु सेटिंग बदललेले नसेल तर शेवटच्या १० आवृत्त्याच राखतो. त्यामुळे घाबरून वारंवार सेव्ह करणारा माणूस शाबूत आवृत्ती स्वतःच्या हाताने बाहेर ढकलत असतो. बहुतेकांचे काम या फोल्डरमधील सर्वांत अलीकडची शाबूत आवृत्ती उघडूनच भागते.

ते भागले नाही, तर फाइल खरोखरच बिघडली आहे का, हे तपासावे. एखादा क्लास (प्रोग्रामचा भाग) सापडत नाही असा संदेश येत असेल, तर दोष बहुधा फाइलचा नसतो; नव्या लॅपटॉपवर प्लगइन (जेमीटरला जोडायचा जादा भाग) टाकायचे राहिलेले असते आणि ते टाकताच फाइल उघडते. गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) दोघांचे बदल एकत्र करताना संघर्ष झाला असेल, तर सलग सात कोनी कंसांच्या खुणा फाइलमध्ये राहतात. त्या नुसत्या पुसू नयेत, दोन्ही बाजूंचा मजकूर वाचून कोणता ठेवायचा ते ठरवावे.

फाइल मध्येच तुटली असेल तरी आशा असते, कारण जेएमएक्स म्हणजे साधी एक्सएमएल, म्हणजे माहिती टॅगांच्या जोड्यांत मांडणारी, मजकूर फाइल आहे. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून एक्सएमएललिंटसारख्या साधनाने चूक नेमक्या कोणत्या ओळीवर आहे ते पाहावे, अर्धवट राहिलेला घटक काढून टाकावा आणि उघडे राहिलेले टॅग आतून बाहेर अशा क्रमाने बंद करावेत. यात प्रत्येक घटकामागे त्याचा ‘हॅशट्री’ (त्याच्या पोटातील घटक ठेवणारा टॅग) असावाच लागतो, आणि दुरुस्ती करणारे नेमके तेच विसरतात. मात्र फाइलचा आकार शून्य असेल किंवा आत केवळ शून्य किमतीचे बाइट भरलेले असतील, तर त्या फाइलवर वेळ घालवू नये. तिच्यात वाचवण्यासारखे काही उरलेले नसते.

बॅकअपसाठी गिट हाच माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. दिवसाचे काम संपताच कमिट करावे (बदलांची नोंद करावी) आणि लगेच पुश करावे (ती नोंद दूरच्या सर्व्हरवर पाठवावी), कारण पुश न केलेले कमिट त्याच डिस्कवर पडून असते. कोकणात तर दुसरी प्रत त्याच घरात ठेवणे पुरेसे नाही: २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या आपत्तीत लॅपटॉप आणि शेजारच्या कपाटातील हार्ड डिस्क एकदमच पाण्याखाली जातात. म्हणून एक प्रत दूरच्या सर्व्हरवर किंवा घाटावरच्या एखाद्या विश्वासू नातलगाकडे असावी. पासवर्ड आणि टोकन मात्र त्या प्रतीत जाऊ देऊ नयेत. टेस्टला लागणारी माहिती असलेल्या सीएसव्ही फाइली आणि प्लगइनची यादी यांचीही प्रत ठेवावी, कारण त्यांच्याशिवाय परत मिळालेला प्लॅन चालत नाही. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून एका थ्रेडने (एकाच आभासी वापरकर्त्याने) प्लॅन चालवून पाहावा.